खणातली पुली

सोमवार, १२ जानेवारी

काल संध्याकाळी गाडी किंचाळली. वर्षभर ताडपत्रीखाली ठेवलेली ती लाल दोन सीटची गाडी कल्पेशने बाहेर काढली, जासई फाट्यापर्यंत नेऊन आणली. तो परत येताना मी स्वयंपाकघरात होते, तिथे आवाज आला. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. बॉनेट उघडलं तर आत सगळीकडे काळी भुकटी. नवा टाकलेला पट्टा खाल्ला जात होता.

मला यातलं फार कळत नाही, पण गॅरेज घराला लागून असलं की न विचारता सगळं कानावर पडतं. या गाडीत इंजिनात जादा हवा कोंबणारं एक यंत्र आहे, सुपरचार्जर. ते पट्ट्यावर फिरतं. पट्टा ज्या चाकावर बसतो ती पुली, आणि तिच्यावर बारीक खाचा असतात. जागृतीने बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाली, "दादा, खाचा गेल्यात रे. टक्कल पडलंय पुलीला. पट्टा घसरनारच."

जागृती माझ्या नवऱ्याची, कल्पेशची, चुलत बहीण. उलव्यात ड्रायव्हिंग शिकवते. गाडीचं वेड दोघांचं सारखं. भंगारात निघालेली ही गाडी दोघांनी मिळून उभी केली. येत्या २२ फेब्रुवारीला घाटावरच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत आहे. रस्त्यावर असतात तसले प्लास्टिकचे कोन मांडून वळणं करतात, एकेक गाडी सोडतात, सगळ्यांत कमी वेळात येईल तो जिंकला. गेल्या वर्षी तिथेच कल्पेशची गाडी वळणावर टायरांच्या भिंतीवर गेली. खांद्याचं हाड मोडलं. मी कठड्यापलीकडे उभी होते. धूळ खाली बसेपर्यंत तो जिवंत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

आता पुन्हा तीच शर्यत. गॅरेजात दिवसभर ट्रेलरचे ब्रेक करणाऱ्या माणसाची ही एवढी एकच हौस, ती कशी मोडू?

बुधवार, १४ जानेवारी

तिळगूळ. पुली इथे मिळत नाही. मी ज्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसात काम करते तिथे गाड्यांचे सुटे भाग मागवणाऱ्या एका व्यापाऱ्याचा माल येतो, त्याच्याच कंटेनरमध्ये कल्पेशने पुली मागवली. महिनाअखेर न्हावा शेवा बंदराला लागेल. कंटेनर आमच्याच यार्डात उघडणार, म्हणजे खोका माझ्याच हातात येणार. जागृती टाळ्या पिटत म्हणाली, "वहिनी, सगळं तुझ्या हातात!"

गुरुवार, २२ जानेवारी

माघी गणपती. गावात मंडप, आरत्या, गर्दी. घरी पाहुणे असताना कल्पेश दिसेना म्हणून गॅरेजमध्ये गेले. तो बंद गाडीत बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. जानेवारीच्या गारव्यात त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला.

"बरं नाही का तुला?" मी विचारलं.

"बराय. सीट बघत होतो."

मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता, तरी गोळी दिली. त्यानेही मुकाट्याने घेतली. किती ओढ असेल याच्या मनात! पुली नाही तर नाही, नुसता बसून तरी घेतो बिचारा.

बुधवार, २८ जानेवारी

कंटेनर आज उघडला. जेवणाच्या सुट्टीनंतर व्यापाऱ्याचा माणूस खोका टेबलावर ठेवून गेला. मोबाइलवर त्याचा फोटोही काढला, ते काढतातच. खोका मिठाईच्या डब्याएवढा, पण हातात घेतला आणि जड लागला.

मी तो टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. आज पिशवीत भाजी होती, जागा नव्हती. उद्या नेईन.

गुरुवार, २९ जानेवारी

नेला नाही.

त्यानेही विचारलं नाही. आल्या आल्या विचारेल म्हणून मी दारातच थबकले होते. तो म्हणाला, "आज बोंबील केलेत आयेने, लवकर हातपाय धू." एवढंच.

सोमवार, २ फेब्रुवारी

आज खोटं बोलले. नीट, तोंडावर.

आईंनीच, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, ताटं वाढता वाढता, "काय गो, ती पुली का काय ती आयली का?" मी म्हटलं, कंटेनर अजून उघडलाच नाही, कस्टमची गडबड आहे. माझं लक्ष कल्पेशकडे. त्याने मान खाली घातलेली. मग म्हणाला, "असू दे. यायची तेव्हा येईल," आणि अजून एक भाकरी मागून घेतली. मग आणखी एक.

मनाला लागू नये म्हणून माणूस किती सावरून घेतो. भांडला असता, ऑफिसला फोन कर म्हणाला असता, तर मला सोपं गेलं असतं.

खण उघडला की खोका दिसतो, म्हणून आज त्याच्यावर कापडी पिशवी टाकली. जसं काही त्याने काही फरक पडतो.

शनिवार, ७ फेब्रुवारी

जागृती सकाळीच आली. "दादा, रबाळ्याला माझ्या ओळखीचा लेथवाला हाय. जुनी पुली काढून दे, तशीच करून आनते. कुठवर वाट बघायची?"

मला धस्स झालं. पण कल्पेशच उखडला. "तसलं काय नको मला. कंपनीची येईल तीच बसवीन. घाई कसली?"

"घाई कसली? दोन आठवडे राहिलेत!"

"राहू देत."

जागृती तोंड पाडून गेली. तो कधी तिच्यावर ओरडत नाही. कामात हलक्या दर्जाचं त्याला चालत नाही हे मला ठाऊक आहे. नंतर गॅरेजमध्ये शीळ घालत एका ट्रेलरखाली शिरला. पुष्कळ दिवसांनी शीळ ऐकली. इतका मोठा जीव आहे त्याचा, आणि मी त्याला फसवते आहे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आईंशी बोलायचं ठरवून पडवीत त्यांच्याशेजारी बसले. त्या कोलंबी सोलत होत्या. मीही घेतली थोडी पुढ्यात. खोक्याचं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, "आई, यांनी परत त्या शर्यतीत जावं असं मला वाटत नाही."

"मग सांग तसं त्याला."

"त्यांचं मन मोडेल."

आईंनी सोलायचं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "मन मोडंल? तू इचारलंस का कवा त्याला, की बाबा तुला जायाचं हाय का?"

"विचारायचं काय त्यात? दिसतंच ना."

"व्हय," त्या म्हणाल्या. "दिसतंय खरं." आणि पुन्हा कोलंबी सोलायला लागल्या. त्यांच्या बोलण्याला कधीकधी शेंडाबुडखा नसतो.

सकाळी यार्डात जाताना ठरवते, आज खोका न्यायचा. संध्याकाळी खणाला कुलूप लावून निघते. हे काय चाललंय माझं? गेल्या वर्षी हॉस्पिटलमध्ये त्याच्या उशाशी बसून म्हटलं होतं की तुझ्या हौसेपायी मरशील एक दिवस. मला वाटतं, बावीस तारीख उलटून गेली की सगळं आपोआप मिटेल. मग खोका देईन. आज आला म्हणून सांगेन.

शनिवार, १४ फेब्रुवारी

माझ्या हातून काय होऊन बसलं हे!

संध्याकाळी जागृती आणि गावातले कल्पेशचे दोघंतिघं मित्र आले. दरवर्षी तेच ट्रेलरवर गाडी चढवून घाटावर नेतात. अंगणात खुर्च्या टाकल्या, चहा झाला. दीपेश म्हणाला, "काय भावा, जायाचं ना? आम्ही सुट्ट्या टाकल्यात. का गेल्या वर्षीची फाटली तुझी?" सगळे हसले. नेहमीचीच मस्करी. कल्पेश हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "पुली आली नाय तरी जाऊ. हाय त्याच पुलीवर चालवतो."

जागृती म्हणाली, "दादा, येडा हायस का? पट्टा टिकनार नाय."

"तीन फेऱ्या तर मारायच्यात. टिकंल."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी. रिकामे कप गोळा करायचे होते, ते तसेच राहिले. आई आतून बाहेर आल्या आणि माझ्या हातातला ट्रे काढून घेतला.

मी पुली लपवली ती तो जाऊ नये म्हणून. आता तो जाणार, आणि तोही टक्कल पडलेल्या पुलीवर. मी त्याला वाचवत होते की खड्ड्यात ढकलत होते? उद्या रविवार, यार्डात आमचं ऑफिस बंद असतं. पण सिक्युरिटीवाला ओळखतो मला.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. सकाळीच स्कूटर काढून यार्डात गेले, खण उघडला, खोका घेतला. परत येताना रस्ता संपू नये असं वाटत होतं.

कल्पेश गॅरेजमध्ये एकटाच पाने पुसत होता. मी खोका त्याच्यासमोर बाकावर ठेवला. वाटेत सगळं ठरवून आले होते, कसं सुरू करायचं, काय बोलायचं. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"ही केव्हाच आली होती," मी म्हटलं. "मी दिली नाही तुला. खणात ठेवली होती. तू जाऊ नयेस म्हणून. शिव्या दे, काय करायचं ते कर, पण त्या जुन्या पुलीवर जाऊ नको."

तो पाना पुसतच राहिला. मग म्हणाला, "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आली ते. व्यापाऱ्याने त्याच दिवशी फोटो पाठवला. तुझं टेबल होतं फोटोत. मागे तुझा डबा पण दिसत होता."

मी टायरवरच बसले. "मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

तो खोक्याची चिकटपट्टी नखाने उचकटत बसला. "तू देशील तेव्हा देशील म्हटलं," एवढंच बोलला. आणि मग, माझ्याकडे न बघता, "बरं वाटत होतं तू देत नव्हतीस ते."

मी रडायलाच लागले. असा नवरा किती जणींना मिळतो? माझी काळजी त्याला कळली, ती त्याला बरी वाटली, आणि आपली हौस गिळून तो गप्प राहिला. एक शब्द वाकडा नाही. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. उपासाची रताळी दुपारी दोघांनी एका ताटात खाल्ली.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आज पुली बसली. आणि मी बसवली असं म्हटलं तरी चालेल!

यार्डातून आले तेव्हा कल्पेश आणि जागृती जुनी पुली काढत होते. ती दांड्यावर इतकी घट्ट बसलेली असते की हाताने निघत नाही, हातोडी मारली तर सुपरचार्जर आतून बिघडतो. पुलर म्हणून पकडीसारखं एक साधन असतं, ते लावून जागृती पाना फिरवत होती. एक वळसा, थांबायचं, बघायचं, मग पुढचा वळसा. कर्र करून पुली सुटली तेव्हा तिघांचेही श्वास एकदम सुटले.

जागृती नव्याकडे वळली. कल्पेश मात्र जुनीच हातात धरून दारातल्या उजेडात गेला. अंगठा खाचांवरून फिरवत राहिला. एका बाजूची कडा पार झिजून तिरपी झाली होती, इतकी की मलासुद्धा दिसली.

"जागे, इकडं ये," तो म्हणाला. आवाज वेगळाच होता. "ही कड बघ. ही आताची नाय. ही जुनी झीज हाय."

जागृतीने बघितलं. "गेल्या वर्षीपन अशीच असनार, दादा."

"म्हंजे पट्टा आधी उतरला."

मला काही कळेना. जागृतीने समजावलं. याच पट्ट्यावर स्टिअरिंगचा पंपही चालतो. पट्टा उतरला की स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड होतं. गेल्या वर्षी गाडी धडकल्यावर पट्टा तुटलेला सापडला, तेव्हा सगळ्यांना वाटलं धडकेनेच तुटला. पुली वरून बरी दिसत होती म्हणून तीच ठेवली. खरं तर आधी पट्टा सुटला होता, वळण घेतानाच.

"मना वाटलं मी वळवलंच नाय," कल्पेश म्हणाला. "वरीसभर तेच वाटतंय मना. वळन दिसत होतं, हात हललेच नाय. मना वाटलं, घाबरून हात आखडले माझे." घरात माझ्याशी तो असं गावचं बोलत नाही. तो पुली घेऊन घरात गेला, आईंना दाखवायला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल. मी म्हटलं, साबण गेला का डोळ्यात? तो म्हणाला, "हो."

नवी पुली गरम करून बसवायची असते. तापली की जरा फुगते आणि दांड्यावर अलगद सरकते, निवली की घट्ट धरते. गॅरेजातली गरम हवेची गन नेमकी बंद पडली. जागृती म्हणाली, "वहिनी, तुझा केकचा ओव्हन?" आई ओरडल्या, "आता लोखंड भाजा माझ्या घरान!" पण भाजलं. पुली लाल होत नाही, नुसती तापते. मी जाड हातमोजे घालून ती उचलली आणि अंगणातून पळत सुटले, मागे आई, "पडशील गो!" कल्पेशने माझे हात धरून ती दांड्यावर टेकवली. दाबली. सरकत जाऊन जागेवर बसली, टक्क. जुनी जेवढी आत होती तेवढीच ही आत आहे ना, ते जागृतीने मोजून घेतलं. तसूभर पुढेमागे झालं तरी पट्टा वाकडा धावतो म्हणे.

निवल्यावर पट्टा चढवला, गाडी सुरू केली. किंचाळी नाही. नुसता भरल्या पोटाचा घुमघुम आवाज. जागृतीने आईंना मिठी मारली, आईंनी तिला ढकललं, पण हसत.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना कल्पेश म्हणाला, "या वेळी जागृती चालवेल. मी खाली उभा राहून गाडी बघेन. कुणीतरी बघायला पाहिजेच."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. गाडी बरी झाली, पुली नवी, गेल्या वर्षीची चूक त्याची नव्हती हेही कळलं, आणि आता, नेमकं आता, त्याने माझ्यासाठी सोडलं. मी म्हटलं, "माझ्यासाठी एवढं नको करूस, तू चालव, मी राहीन धीर धरून." तो घाईघाईने म्हणाला, "नको नको. ठरलं आता."

जागृतीला फोन केला तर तिकडून किंकाळीच. गाडीची नाही, तिची.

आईंना सांगितलं, त्यांनी माझ्यासाठी शर्यत सोडली. त्या हसल्या. "तुझ्यासाठी का? बरा हाय मग माझा पोरगा." पदराने तोंड पुसत आत गेल्या. एवढं हसण्यासारखं काय होतं?

सोमवार, २३ फेब्रुवारी, यार्डात, जेवणाच्या सुट्टीत

काल रात्री इतकी दमले होते की लिहिता आलं नाही.

धावपट्टीवर वारा होता, ऊन होतं. जागृती हेल्मेट घालून बसली तेव्हा कल्पेश खिडकीशी वाकून म्हणाला, "पहिली फेरी सावकाश मार. कोनांकडं बघू नको, जायाचं तिकडं बघ." ती म्हणाली, "दादा, मीच शिकवते लोकांना." आणि गेली.

आम्ही कठड्याशी उभे राहिलो. गेल्या वर्षीचं ते वळण आलं तसा कल्पेशने माझा हात धरला. मला धीर द्यायला. इतका घट्ट की बोटं दुखली, आणि तळवा ओलाचिंब. गाडी वळणात शिरली, मागचा भाग जरासा सरकला, सरळ झाली, निघाली. त्याने श्वास सोडला तो मला वाऱ्यातही ऐकू आला. मी म्हटलं, "मी ठीक आहे." तो म्हणाला, "हां."

तिन्ही फेऱ्या झाल्या. जागृती सहावी आली. बक्षीस नाही, पण ती अशी नाचत होती की पहिल्या आलेल्याचाही फोटो कुणी काढेना. कल्पेशने बॉनेट उघडलं, पट्ट्यावरून बोट फिरवून मला दाखवलं. भुकटी नाही. बोट स्वच्छ.

सगळं आवरलं, लोक पांगले. दीपेश ट्रेलर आणायला गेला होता. कल्पेश म्हणाला, "बस गाडीत. तू कधी बसलीच नाहीस." खरंच, कधी बसले नव्हते. बाहेरूनच तिचा राग करत आले होते. तो सीटवर बसला, थोडा वेळ किल्लीला हात लावून थांबला, मग सुरू केली. रिकाम्या धावपट्टीवरून आम्ही निघालो, इतके हळू की बाजूने सायकलवाला पुढे गेला असता. कोन तसेच मांडलेले होते. त्या वळणाशी आल्यावर त्याने वेग आणखी कमी केला. स्टिअरिंग फिरवलं, गाडी गुमान वळली. टायरांची भिंत माझ्या खिडकीजवळून मागे गेली.

"भीती वाटते?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मलाही," तो म्हणाला, आणि अगदी मोकळा हसला, वर्षभरात हसला नव्हता तसा.

मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल.